पायी फिरायला जायचंय? डोंगर पिकाच्या सवडीने निवडा

शेतकरी बंधूंनो, अभ्यास सहल म्हटली की आपण जीप भरतो, दोन प्लॉट बघतो, देवदर्शन करतो आणि रात्री घरी येतो. पण माती, बांध, पाणी खरं दिसतं ते पायी चालताना. तीन दिवस डोंगरात फिरून यावं असं पुष्कळांच्या मनात असतं. कुठल्या डोंगरात आणि कधी, एवढाच प्रश्न असतो.

‘कधी’ आधी ठरवा. इथे माझीच चूक झाली होती. मंडळींना धबधबे बघायचे होते म्हणून भर जुलैत दहा-बारा जणांना घेऊन कळसूबाईला गेलो. ढगात चार हातांवरचं दिसेना. शेवाळावरून एका साठीच्या काकांचा पाय सरकला, घोटा मुरगळला. गावातल्या पोरांनी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. ती पोरं भाताची लावणी सोडून आली होती, हे मला नंतर कळलं. आणि इकडे आमच्या मंडळींच्या सोयाबीनमध्ये तण माजलेलं!

तेव्हा सोयाबीन-कपाशीवाल्यांनी पोळा झाला की निघावं. खुरपणी उरकलेली असते, काढणीला अवकाश असतो. द्राक्षवाल्यांनाही ऑक्टोबर छाटणीआधी हीच सवड. ऊसवाल्यांचं मात्र तोड कधी येते त्यावर!

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझं मत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याला. बारी गावातून कळसूबाई चढायला तीनेक तास लागतात. उंची १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि रतनगड. प्रवरेचा उगम इथलाच. गुडघे दुखत असतील तर गड सोडा, भंडारदऱ्याच्या पाण्याकडेने चाला. तिसऱ्या दिवशी गाडीने पाचनईला जाऊन हरिश्चंद्रगड, ही वाट त्यातल्या त्यात सोपी. वाटेत भाताची खाचरं, नागली, पिवळीधमक खुरासणी. उतारावरचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात कसं उतरवलंय, ते उभं राहून बघा. आपल्या माळावरच्या बांधबंदिस्तीला उपयोगी पडेल. याच तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली ती इथे.

साताऱ्याचं कास पठारही त्याच दिवसांत फुलतं. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे. कातळावर जेमतेम मातीचा थर आणि त्यावर एवढी फुलं! पण गर्दी फार, प्रवेशाला फी आणि मर्यादा, त्यामुळे नोंदणी आधी करा. चालणं म्हणाल तर मोजकंच. माझ्या मते सातारा भागात रब्बीची पेरणी आटोपून डिसेंबरात जावं. तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीचे वाफे बघत चालता येतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत. झाडं, पिकं, घरांची छपरंसुद्धा बदलत जातात. फक्त तिथलं राहणं महाग.

खानदेशातल्या मंडळींनी लांब कशाला जावं? सातपुड्यात तोरणमाळ आहे, यशवंत तलाव, सीताखाई. दिवाळीत अस्तंबा डोंगराची यात्रा असते. हजारो आदिवासी बांधव रात्रीची चढण चढतात. सोय कमी, पाय मजबूत पाहिजेत.

कुठेही गेलात तरी जेवण-मुक्काम गावातल्याच घरी सांगा, दोन दिवस आधी निरोप द्या, आणि वाटाड्याची मजुरी घासाघीस न करता द्या. दोन लिटर पाणी, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट आणि काठी बरोबर असू द्या. कारभारणीलाही घेऊन जा, बियाण्यातलं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मात्र तीन दिवस गुरांचं कोण बघणार, धार कोण काढणार, ते निघायच्या आधी भावाशी बोलून ठेवा.