विद्यापीठापासून वावरापर्यंत

सोयाबीनच्या बियाण्याचं टरफल फार नाजूक असतं. पोतं जरा उंचावरून आपटलं किंवा मळणीयंत्राचे फेरे वाढले, की वरून टपोरं दिसणारं बी आतून मेलेलं निघतं. हे पेरणीआधी कळण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर बिया मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून नुसते फुटलेले नव्हे, सशक्त कोंब तेवढे मोजायचे. ७० किंवा जास्त भरले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० भरले, तर ३५ किलो लागेल. आकडा फारच खाली गेला, तर ते बी बाजूला ठेवावं. मे महिन्यातला हा आठवडा जूनमधली दुबार पेरणी वाचवू शकतो.

अशा साध्या गोष्टी विद्यापीठाच्या पुस्तकातून वावरापर्यंत आणणं हे कृषी विज्ञान केंद्राचं काम आहे. बुलढाणा जिल्ह्यात अशी दोन केंद्रं आहेत. जळगाव जामोदचं केंद्र सातपुडा शिक्षण संस्थेकडे आहे आणि बुलढाण्याचं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. आपलं धाड गाव बुलढाणा तालुक्यात असल्याने इथल्या शेतकऱ्याला दुसरं केंद्र जवळचं.

या केंद्रांची कल्पना साठच्या दशकातल्या कोठारी शिक्षण आयोगाच्या काळात मूळ धरू लागली. पुढे मोहनसिंह मेहता समितीने तिला आकार दिला आणि १९७४ मध्ये पुदुच्चेरीला देशातलं पहिलं केंद्र उभं राहिलं. आज देशात सातशेहून अधिक केंद्रं आहेत. अमेरिकेने हीच गरज ओळखून १९१४ मध्येच कायदा केला आणि विद्यापीठांचं ज्ञान काउंटी-काउंटीत पोचवण्याची कायमची यंत्रणा बसवली. मुलांचे फोर-एच गट आणि घरच्या बागेसाठी सल्ला हे तिथे त्याच यंत्रणेचे भाग आहेत. आपल्याकडे कृषिमंत्री असताना पंजाबराव देशमुखांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. शेतकऱ्याने जग डोळ्यांनी पाहावं ही त्यांची तळमळ होती. अकोल्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव शोभतं ते म्हणूनच.

केंद्राच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रथमदर्शी प्रात्यक्षिक. साधारण एकरभर वावर शेतकऱ्याचंच, मेहनतही त्याचीच. वाण, बीजप्रक्रियेची औषधं आणि सल्ला केंद्राचा. शेजारच्या तुकड्यात तो नेहमीच्या पद्धतीने पेरतो. दोन्हींवर पाऊस तोच, माती तीच, त्यामुळे काढणीच्या दिवशी दोन ढिगांतला फरक बांधावरच्या सगळ्यांना दिसतो. रुंद वरंबा सरी पद्धतीचा उपयोग असाच पटतो. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर वरंब्यातली ओल पिकाला धरून ठेवते. व्याख्यान कितीही चांगलं झालं तरी शेजाऱ्याच्या ढिगाएवढं ते बोलत नाही.

धाडची एक गंमत इथे सांगायलाच हवी. गावाची शीव ओलांडून थोडं पुढं गेलं की जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो. पूर्वी अलीकडे वऱ्हाड होतं नि पलीकडे निजामाचं राज्य. आज अलीकडे अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे आणि पलीकडे परभणीचं. पण सोयरिकी नि बाजार दोन्हीकडे चालतात. बियाण्याने जिल्ह्याची हद्द पाळावी असा कायदाही नाही. परभणीचं एमएयूएस-७१ सोयाबीन आणि अकोल्याचा जाकी-९२१८ हरभरा एकाच वावरात एकामागून एक घेता येतात. जालन्याजवळ खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या मासिक चर्चासत्राची परंपरा जुनी आहे, आणि जवळचं कडवंची पाणलोट आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षाचं गाव झालं. धाडकरांनी दोन्ही दारं ठोठावावीत, असं मला मनापासून वाटतं.

केंद्राचं प्रशिक्षण फक्त बाप्यांसाठी नाही. गावातल्या तरुणांना रोपवाटिका, शेळीपालन, कुक्कुटपालन, मधमाशीपालन शिकवणं हेही त्याचंच काम. महिलांसाठी परसबाग आहे. मोरीच्या सांडपाण्यावर मेथी, पालक, वांगी, शेवगा आणि कारल्याचा एक वेल निघाला, तरी ताटातली भाजी बाजारावर अवलंबून राहत नाही. उमेदच्या बचतगटांनी पोषण परसबागेची मोहीम गावोगावी नेली. ती दिसायला छोटी असली, तरी घरातल्या बाईच्या आणि लेकरांच्या रक्तातल्या लोहाशी तिचा थेट संबंध आहे.

उणं आहे ते माणसांचं. एका केंद्राला एक प्रमुख आणि सहा विषयतज्ज्ञ मंजूर असतात. बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३ आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पंचवीस लाखांवर. सगळ्या जागा भरल्या तरी प्रत्येक गावात वर्षातून एकदा जाणं या माणसांना शक्य नाही. मग कापसावर बोंडअळी दिसली की शेतकरी जातो कुठे? कृषी सेवा केंद्रात, म्हणजे औषधाच्या दुकानात. दुकानदार पाहून बाटली देतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ-आठ पतंग सापडल्याशिवाय गुलाबी बोंडअळीवर फवारणीची घाई करू नये, हे तिथे सांगणारा क्वचितच भेटतो. दुकानदारांसाठी वर्षभराचा ‘देसी’ पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, तो म्हणूनच योग्य पाऊल आहे. पण विकणाऱ्यावर सल्ल्याचं सगळं ओझं टाकणं धोक्याचं आहे. ज्याला बाटली विकायची नाही असा माणूस गावाला हवाच, आणि त्यासाठी केंद्रातली पदं वाढवावीच लागतील.

तोवर धाड आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी एवढं करावं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तो आपल्या मोबाईलमध्ये ठेवा. ग्रामसभेत ठराव करून येत्या खरिपाचं एक प्रात्यक्षिक आपल्या शिवारात मागा. आणि मे महिन्यात घरच्या बियाण्याच्या शंभर बिया मोजून गोणपाटात ठेवा.