वहीतला राहून गेलेला रकाना

शहाडमधल्या एखाद्या सोसायटीतली शनिवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर कसारा लोकलच्या गर्दीतून ये-जा करणारे पंचावन्नीतले एक गृहस्थ जेवणाच्या टेबलाशी बसले आहेत. समोर पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास, एक बुटकी तपकिरी बाटली आणि दोनशे पानी वही. परदेशातून येणारा भाचा दरवेळी दोन-चार बाटल्या आणतो, काही मुंबईच्या दुकानांत मिळतात. वहीत पट्टीने आखलेले रकाने आहेत : नाव, रंग, फेस, वास, चव, गुण. आज त्यांनी लिहिले आहे, ‘पिकलेल्या केळ्याचा वास, मागून लवंग, शेवटी किंचित कडू. शंभरपैकी ८६.’

महिन्याभराने हेच गृहस्थ पायाचा अंगठा लालभडक सुजला म्हणून दवाखान्यात येतात. युरिक ॲसिड वाढलेले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. डॉक्टर विचारतात, ‘दारू घेता का?’ उत्तर ठरलेले असते, ‘छे हो डॉक्टर! फक्त बीअर. तीसुद्धा चाखण्यापुरती.’ शेजारी बसलेल्या पत्नी हळूच म्हणतात, ‘अहो, ती वही दाखवा की त्यांना.’

हा प्रसंग कल्पनेतला आहे. ‘फक्त बीअर’ हे उत्तर मात्र कुठल्याही दवाखान्याला नवे नाही. ते देणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने हिशेबच केलेला नसतो.

छंद खोटा नाही

बीअर चाखून तिची नोंद ठेवणे हा जगभर गंभीरपणे जोपासला जाणारा छंद आहे. त्याला लोकप्रिय करण्यात मोठा वाटा होता मायकेल जॅक्सन यांचा. हे गायक नव्हेत, त्याच नावाचे ब्रिटिश लेखक. १९७७ साली त्यांनी जगभरच्या बीअरची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले आणि पुढे बेल्जियमच्या बीअरवर स्वतंत्र पुस्तक काढले. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बीअर-संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

बेल्जियमच्या कडक ‘एल’ बीअरमागे थोडा इतिहास आहे. १९१९ मध्ये त्या देशाने गुत्त्यांमध्ये जिनसारखे कडक मद्य विकायला बंदी घातली. ती सहा दशकांहून अधिक काळ टिकली. कडक मद्य मिळेना, तेव्हा गिऱ्हाईक कडक बीअरकडे वळले. आपल्याकडच्या साध्या बीअरमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास असते. बेल्जियमच्या ‘डूव्हेल’मध्ये ते ८.५ टक्के, ‘वेस्टमाले ट्रिपल’मध्ये ९.५, तर ‘रोशफोर १०’ या बाटलीत ११.३ टक्के असते. यातल्या शेवटच्या दोन ख्रिस्ती मठांमध्ये बनतात. गंमत अशी की, वेस्टमालेच्या मठातले साधू स्वतःच्या जेवणासाठी वेगळी, ४.८ टक्क्यांची हलकी बीअर बनवत आले आहेत. जगाला विकायची वेगळी आणि घरी घ्यायची वेगळी, एवढा भेद त्यांनी बराच काळ राखला.

ही हौस महाराष्ट्रातही रुजते आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही इथल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. तिच्या नावाचे मूळ शहाडवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. हा मार्ग कसाऱ्याचा घाट चढून पुढे देवळालीला पोहोचतो. ब्रिटिश काळात मायदेशी जाणारे सैनिक तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. कंटाळा, उकाडा आणि हिवताप यांनी त्यांची डोकी फिरत. त्यावरून ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत ‘डोके फिरलेला’ या अर्थाने रुळला.

ग्रॅमचे गणित

शरीराला बाटलीवरचे नाव कळत नाही. यकृतापर्यंत पोहोचतात ते अल्कोहोलचे ग्रॅम. ते मोजणे सोपे आहे. बाटलीतले मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे मिलिलिटर. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याला ०.७९ ने गुणले की ग्रॅम मिळतात.

व्हिस्कीचा तीस मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. हेच माप एकक म्हणून धरू. आपल्याकडची आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बीअर ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत घेतली, तर पोटात जातात ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. साध्या पाच टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम असतात. बेल्जियमची बाटली तिच्या निम्मी, ३३० मिलिलिटरची. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण डूव्हेलमध्ये २२, वेस्टमाले ट्रिपलमध्ये २५ आणि रोशफोर १० मध्ये २९ ग्रॅम अल्कोहोल भरते.

वहीवाल्या गृहस्थांनी एका संध्याकाळी या तीनही बाटल्या ‘चाखल्या’ असे समजा. बेरीज झाली ७६ ग्रॅम. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम असतात. म्हणजे या गृहस्थांच्या पोटात सव्वा क्वार्टर गेली. ‘काल एकट्याने सव्वा क्वार्टर संपवली’ असे ते कुणाला सांगणार नाहीत. तसे त्यांना वाटतही नाही. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल घेण्याला ‘अतिमद्यपान’ मानते. ते त्या रेषेच्या बरेच पुढे गेले आहेत.

सर्वसाधारण यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल हातावेगळे करते. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. ७६ ग्रॅमला आठ ते अकरा तास लागणार. रात्री दहाला ग्लास खाली ठेवला, तरी सकाळी सहाची लोकल पकडताना रक्तात अल्कोहोल शिल्लक असू शकते. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोच्या माणसाने यातली एकच बाटली रिकाम्या पोटी घेतली, तरी ती ओलांडली जाऊ शकते. शहाडच्या पुलावरून स्कूटर नेणाऱ्याने ‘एकच तर घेतली’ हा युक्तिवाद विसरावा.

चाखायला किती लागते?

चव कळायला खरे तर फार थोडी बीअर लागते. आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा भाग म्हणजे वास. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि ‘उमामी’ एवढेच ओळखते. केळे आणि लवंग ओळखते ते नाक. घोट गिळताना घशामागून वर जाणारी हवा वासाचे रेणू नाकाच्या छतापर्यंत नेते. सर्दी झाली की आमटी बेचव लागते, ती यामुळेच.

या बीअरमध्ये केळे नसते, लवंगही बहुधा नसते. बेल्जियन जातीचे यीस्ट जरा उबदार तापमानात साखर आंबवते, तेव्हा आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे रसायन तयार होते. पिकलेल्या केळ्याच्या वासातही तेच असते. लवंगेसारखा वास येतो तो ४-व्हिनाइल ग्वायकॉल या रसायनामुळे. हे रेणू उडून नाकापर्यंत जावेत म्हणून अशी बीअर बर्फगार न पिता आठ-बारा अंश सेल्सियसला घेतात. निमुळत्या तोंडाचा ग्लासही वास अडवून धरण्यासाठीच.

स्पर्धांचे परीक्षक काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतून सुरू झालेल्या आणि बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका गुणपद्धतीत ५० पैकी १२ गुण वासाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि १० एकूण परिणामाला असतात. म्हणजे १५ गुण पहिल्या घोटाआधीच देऊन होतात. परीक्षकाच्या ग्लासात पडते ती अर्ध्या कपाहून कमी बीअर. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते आणि अल्कोहोल निर्णयशक्ती मंदावते. तिसरी पूर्ण बाटली संपवून दिलेल्या गुणांवर म्हणूनच फार विश्वास ठेवू नये.

तीच तीन बाटल्यांची बैठक चार मित्रांनी जमवली, तर प्रत्येकाच्या ग्लासात एका प्रकाराची ८० मिलिलिटरच्या आसपास बीअर येते. प्रकार तेवढेच, वहीतल्या नोंदी तेवढ्याच. पण ७६ ऐवजी १९ ग्रॅम.

अंगठा आणि यकृत

आता सुजलेल्या अंगठ्याकडे येऊ. अल्कोहोलमुळे मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणे कमी होते. बीअरमध्ये शिवाय प्युरिन असतात आणि शरीरात त्यांचेही युरिक ॲसिडच बनते. अमेरिकेतील ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाऊटचा, म्हणजे वातरक्ताचा धोका सर्वाधिक वाढवणारे पेय बीअर हेच आढळले. ‘बीअरने मूतखडा निघतो’ म्हणून ती पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. युरिक ॲसिडचेही खडे होतात.

अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात उष्मांक असतात. एका ट्रिपलच्या बाटलीतून नुसत्या अल्कोहोलचे १७० च्या पुढे उष्मांक मिळतात, उरलेली साखर वेगळी. वजन जास्त असेल आणि मधुमेह असेल, तर यकृतावरची चरबी आणखी वाढते. कर्करोगाचे तर १९८८ मध्येच स्पष्ट झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला तंबाखूच्याच, म्हणजे पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन या अवयवांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. २०२३ मध्ये याच संघटनेने मद्याची पूर्णपणे सुरक्षित अशी मात्रा नाही, असे सांगितले. मठात बनलेली महागडी बीअर याला अपवाद नाही. जे पीत नाहीत, त्यांनी आरोग्यासाठी म्हणून सुरू करण्याचे काहीच कारण नाही. गर्भवती, यकृताचे रुग्ण, तसेच इन्सुलिन, साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोल घेणारे यांनी ‘चाखण्यापुरती’सुद्धा घेऊ नये.

छंद कुठे संपतो?

छंद आणि सवय यांच्यातली रेघ माणसाला स्वतःला सहसा दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी त्यासाठी उपयोगी पडते. किती वेळा घेता, एका वेळी किती, सुरू केल्यावर थांबता येते का, ठरलेली कामे राहून गेली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त केली का, असे साधे प्रश्न त्यात असतात. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आले, तर डॉक्टरांशी बोलायला हवे.

काही खुणा घरच्यांनाही दिसतात. शनिवारची बैठक बुधवारीही होऊ लागते. वहीतल्या नोंदी आखूड होत जातात आणि बाटल्या वाढतात. ‘मला चढत नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. चढत नाही याचा अर्थ मेंदू सरावला. यकृताला असा सराव वाचवत नाही. सकाळी हात थरथरत असतील, घाम सुटत असेल आणि एक घोट घेतल्यावरच बरे वाटत असेल, तर ते अवलंबित्व आहे. अशा माणसाने एकदम दारू सोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. सरकारी रुग्णालयांचे मानसोपचार विभाग यात मदत करतात. पुण्याचे मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय मदत क्रमांक विनाशुल्क आहेत.

शहाडच्या गृहस्थांची गोष्ट अजून तिथवर गेलेली नाही. अंगठा दुखतो आहे तोवर बीअर पूर्ण बंद, असे डॉक्टर त्यांना सांगतील. पुढे यकृताची तपासणी, वजन आणि युरिक ॲसिड पाहून काय ते ठरेल. कदाचित बंदी कायमची असेल. पण आज घरी गेल्यावर एक काम त्यांना करता येईल. वही उघडून जुन्या पानांवर ‘गुण’च्या पुढे आणखी एक रकाना आखायचा, ‘ग्रॅम’, आणि गेल्या वर्षभराची बेरीज करायची. टक्के बाटल्यांवर छापलेले असतात आणि नावे वहीत आहेतच. ती बेरीज घेऊन ते पुढच्या तपासणीला आले, तर ‘दारू घेता का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर डॉक्टरांना मिळेल. बहुधा त्यांना स्वतःलाही ते पहिल्यांदाच कळलेले असेल.