विश्लेषण : इंजिन नाही, इंधन नाही, तरी एका दिवसात १,६३४ किलोमीटर! डोंगराच्या धारेवरून ग्लायडर इतके लांब कसे जाते?

पावसाळ्यात नाणेघाटात गेलेल्यांना तिथला उलटा धबधबा माहीत असतो. कड्यावरून खाली कोसळायला निघालेले पाणी मध्येच थबकते, त्याचे तुषार होतात आणि ते पुन्हा वर, पाहणाऱ्यांच्या अंगावर येतात. यात चमत्कार काही नाही. कोकणातून सुसाट आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो. पुढे वाट नसल्याने तो वर चढतो आणि जाताना पाणीही सोबत घेऊन जातो.

असाच वारा पाण्याच्या थेंबांऐवजी चार-पाचशे किलो वजनाचे विमान उचलून धरू शकतो का? धरू शकतो, आणि तेही दिवसभर. ९ मे १९७७ रोजी कार्ल स्ट्रीडिक या अमेरिकी पायलटने इंजिन नसलेल्या ग्लायडरमधून १,६३४ किलोमीटरचा प्रवास केला. पेनसिल्व्हेनिया राज्यातून निघून तो थेट टेनेसीपर्यंत गेला आणि त्याच दिवशी परत आला. मुंबई ते नागपूर रेल्वेमार्ग सुमारे ८४० किलोमीटरचा आहे. म्हणजे जवळपास मुंबई-नागपूर-मुंबई, तेही केवळ वाऱ्याच्या भरवशावर.

हे जमते कसे? आणि यात खरी कसोटी कशाची लागते?

ग्लायडर हवेत टिकते कसे?

ग्लायडर म्हणजे सतत घसरगुंडीवर असलेले विमान. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते कायम खालीच येत असते. फक्त त्याचा उतार अतिशय सौम्य असतो. चांगले आधुनिक ग्लायडर एक मीटर खाली येताना ४० ते ६० मीटर पुढे जाते. शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून सोडले, तर ४० ते ६० किलोमीटर अंतर कापून ते जमिनीला टेकेल.

त्यापुढे जायचे असेल तर वर चढणारी हवा शोधावी लागते. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून कोणी सावकाश खाली उतरत असेल, तर तो आहे तिथेच राहील किंवा वरच जाईल. ग्लायडरचे नेमके हेच होते. हवा त्याच्या घसरण्यापेक्षा जास्त वेगाने वर जात असेल, तर ग्लायडरही वर जाते.

अशी हवा मिळण्याचा एक प्रकार आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर उठतात आणि त्यात घार पंख न हलवता घिरट्या घालत वर जाते. या लोटांना थर्मल म्हणतात. पण थर्मलमध्ये उंची मिळवण्यासाठी थांबून गोल फिरावे लागते. त्यात वेळ जातो. शिवाय ऊन चढेपर्यंत थर्मल सुरू होत नाहीत आणि संध्याकाळी ते संपतात.

मग डोंगर वेगळे काय देतो?

डोंगर थांबा न घेता जाण्याची सोय देतो. लांबलचक, सलग डोंगररांग असेल आणि वारा तिच्यावर साधारण काटकोनात येत असेल, तर वाऱ्याच्या बाजूच्या संपूर्ण उतारावर हवा वर चढत असते. ग्लायडरने त्या पट्ट्यात राहून धारेला समांतर उडत राहायचे. घिरट्या नाहीत, थांबणे नाही. यासाठी ऊनही लागत नाही. वारा असेल तर सकाळी उजाडल्यापासून अंधार पडायच्या आधीपर्यंत उडता येते.

आणखी एक फायदा आहे. वर चढणारी हवा जोरदार असेल, तर ती सगळी उंची वाढवण्यासाठी वापरायची गरज नसते. नाक थोडे खाली करून ती वेगासाठी खर्च करता येते. म्हणूनच चांगल्या दिवशी अनुभवी पायलट धारेवरून ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. अनेक ग्लायडरच्या पंखांत पाणी भरण्याची सोय असते. वजन वाढले की त्याच उतारावर वेग जास्त मिळतो. उतरण्यापूर्वी ते पाणी सोडून देतात.

स्ट्रीडिकच्या प्रवासाचे साधे गणित मांडू. उजेडाचे १४ तास पूर्ण वापरले असे धरले, तरी १,६३४ किलोमीटरसाठी ताशी सरासरी ११७ किलोमीटर वेग लागतो. वाटेत कुठे अर्धा तास अडकला, तर तो भरून काढायचा कसा? त्यामुळे अशा उड्डाणात उंचीपेक्षा वेळ मोलाचा असतो.

याची सुरुवात कुठे झाली?

१९११मध्ये ऑर्व्हिल राइट यांनी अमेरिकेत समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीवर ९ मिनिटे ४५ सेकंद ग्लायडर हवेत ठेवले होते. पुढे जवळपास दहा वर्षे तो विक्रम टिकला. १९२२मध्ये जर्मनीतील वासरकुप्पे डोंगरावर ‘व्हँपायर’ नावाच्या ग्लायडरने तासाचा टप्पा ओलांडला.

आपल्या विषयातला मोठा टप्पा १९२९चा. ऑस्ट्रियाचा रॉबर्ट क्रॉनफेल्ड जर्मनीतील ट्यूटोबर्ग जंगलाच्या लांब, अरुंद डोंगररांगेवरून १०० किलोमीटरहून अधिक उडाला. ग्लायडरने शंभरी गाठण्याची ती पहिलीच वेळ. त्यासाठी एका जर्मन साप्ताहिकाने ५,००० मार्कांचे बक्षीस ठेवले होते, ते त्याने जिंकले.

अमेरिकेतील ॲपलाशियन डोंगरच का?

सगळे डोंगर या कामाचे नसतात. सुटी शिखरे असतील तर वारा बाजूने निघून जातो. लागते ती सलग भिंत. पूर्व अमेरिकेतील ॲपलाशियन पर्वताच्या एका पट्ट्यात अशा समांतर भिंती शेकडो किलोमीटर धावतात. त्या फार उंच नाहीत. खालच्या दरीपासून अनेक ठिकाणी जेमतेम ३०० मीटर. पण त्या ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जातात आणि थंड हवेची लाट येऊन गेली की तिथे वायव्येचा जोरदार वारा सुटतो. म्हणजे भिंतीवर जवळजवळ काटकोनात.

ही गोष्ट पक्ष्यांना माणसाच्या आधीपासून ठाऊक आहे. शरद ऋतूत ससाणे आणि गरुड याच धारांवरून दक्षिणेकडे स्थलांतर करतात. ते पाहण्यासाठी लोक पेनसिल्व्हेनियातील ‘हॉक माउंटन’ या १९३४पासूनच्या अभयारण्यात गर्दी करतात.

स्ट्रीडिकचे घर आणि धावपट्टी यांपैकी एका धारेच्या माथ्यावरच होती. १९६८मध्ये त्याने लाकडी पंखांच्या साध्या ग्लायडरमधून ७६० किलोमीटरहून अधिक अंतर जाऊन-येऊन कापले, तेव्हा या डोंगरांची ताकद जगाला कळली. १९७७चे उड्डाण २० मीटर पंखविस्ताराच्या, फायबरग्लासच्या ‘एएसडब्ल्यू-१७’मधून झाले. १९८३मध्ये याच डोंगरांवर टॉम नॉफ या पायलटने जाऊन-येऊन १,६४६ किलोमीटर केले. सहा वर्षांत विक्रम पुढे सरकला तो १२ किलोमीटरने.

अशा विक्रमासाठी कुठे वळून परत यायचे हे उड्डाणापूर्वीच जाहीर करावे लागत असे. त्या काळी वळणाच्या जागेचा हवेतून काढलेला फोटो आणि उंचीची नोंद करणारे सीलबंद यंत्र हा पुरावा असे. आता ते काम जीपीएस करते.

डोंगर तुटला की काय?

खरी परीक्षा इथे आहे. कोणतीही डोंगररांग शेवटपर्यंत सलग नसते. कुठे नदीने ती कापलेली असते, कुठे रांग संपून दुसरी काही किलोमीटर बाजूला सुरू होते. अशा तुटलेल्या भागात वर चढणारी हवा नसते. ज्या रस्त्यावर पुढचा पेट्रोल पंप किती लांब आहे हे पक्के माहीत नाही, त्या रस्त्यावर टाकीत थोडेच पेट्रोल घेऊन निघण्यासारखे हे आहे.

आकडे पाहू. धार दरीपासून ३०० मीटर उंच आहे आणि ग्लायडर १:४० क्षमतेचे आहे. कागदावर ते १२ किलोमीटर जाईल. पण समोरून वारा असेल, वाटेत हवा खाली उतरत असेल, तर हे अंतर सहज निम्मे होते. शिवाय पलीकडच्या धारेला पायथ्याशी पोहोचून उपयोग नाही. उतारावर पुरेसे वर पोहोचले तरच तिथली लिफ्ट मिळते.

वेगाचे उंचीत रूपांतर करता येते. ताशी २०० वरून १०० किलोमीटरपर्यंत वेग कमी करत नाक वर उचलले, तर गणिताने सुमारे ११८ मीटर उंची मिळते. प्रत्यक्षात थोडी कमी. म्हणजे आणखी साधारण चार किलोमीटरची सोय. मोठी खिंड असेल तर एवढ्याने भागत नाही. आधी थर्मल शोधून, थांबून, उंची कमवावी लागते.

त्यामुळे खिंडीच्या अलीकडे पायलटसमोर तीनच पर्याय असतात. उडी घ्यायची, थांबून उंची मिळवायची, किंवा परत फिरायचे. हजार किलोमीटर झालेले असताना तिसरा पर्याय निवडणे सर्वांत अवघड असते. पण पलीकडे जायला उंची पुरली नाही, तर शेतात उतरावे लागते. म्हणून जाणकार पायलट उतरण्याजोगे शेत खिंडीच्या आधीच हेरून ठेवतात. शेतात उतरणे हा अपघात नाही, खेळाचाच भाग आहे. जागा न हेरता पुढे जाणे, ही चूक.

धोका कशात आहे?

वर चढणाऱ्या हवेचा सर्वांत जोरदार पट्टा उताराच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे ग्लायडर झाडांच्या शेंड्यांपासून फार उंच नसते. तिथे हवेचे हिसके बसतात. वेग कमी असताना हिसका बसला आणि पंखांची उचल तुटली, तर सावरायला उंचीच नसते. म्हणून डोंगराच्या जवळ वेग नेहमीपेक्षा जास्त ठेवतात.

वळण कायम डोंगरापासून दूर, दरीच्या बाजूला घ्यायचे, हा पहिला धडा. समोरासमोर दोन ग्लायडर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला सरळ जाऊ द्यायचे, कारण त्याला उजवीकडे वळायला जागा नसते. आणि धारेच्या पलीकडच्या, आडोशाच्या बाजूला जायचे नाही. सह्याद्रीत त्या बाजूला पर्जन्यछाया असते. ग्लायडरसाठी तिथे खाली ओढणारी, घुसळणारी हवा असते.

नियम माहीत असणे पुरेसे नसते, हेही इतिहास सांगतो. तीन वेळा जगज्जेता ठरलेला हेल्मुट राइशमान १९९२मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये दुसऱ्या ग्लायडरशी झालेल्या टकरीत गेला. ‘निम्बस’सारखी नामवंत ग्लायडर घडवणारा क्लाऊस होलिगहाऊस १९९४मध्ये स्विस आल्प्समधील अपघातात गेला. दोघेही नवखे नव्हते.

याहून लांब कोणी गेले आहे का?

हो, पण वेगळ्या पद्धतीने. डोंगर ओलांडल्यावर हवेत लाटा उठतात. नदीतल्या मोठ्या दगडाच्या पुढे पाणी वर-खाली होते, तशाच. या लाटा डोंगरापेक्षा कितीतरी उंच जातात. २१ जानेवारी २००३ रोजी जर्मनीचा क्लाऊस ओल्मान आणि ऑस्ट्रियाचा कार्ल राबेडर यांनी अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या अशाच लाटांवर ३,००९ किलोमीटर अंतर कापले. त्यांचे ग्लायडर होते ‘निम्बस-४’ मालिकेतले, होलिगहाऊसच्याच कंपनीचे. मात्र तिथे अतिउंचीमुळे ऑक्सिजन लावावा लागतो आणि थंडी सोसावी लागते.

मग सह्याद्रीवर हे शक्य आहे?

नकाशा पाहिला तर मोह होतो. पश्चिम घाटाची रांग सुमारे १,६०० किलोमीटर लांब आहे. कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत आणि नैर्ऋत्य मोसमी वारा थेट त्यांच्यावर येतो. पण तो वारा पाऊस घेऊन येतो. नाणेघाटात धबधबा उलटा फिरतो, त्याच दिवसांत कडे ढगात बुडालेले असतात. समोरचे दिसत नसताना कड्यालगत उडणे म्हणजे आत्मघात. पाऊस संपला की तो जोरदार, सलग पश्चिम वाराही जातो. खाली कोकणच्या बाजूला जंगल आणि दऱ्या आहेत, उतरायला मोकळे शेत सहज सापडत नाही. आणि दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटर रुंदीची पालघाट खिंड आहेच.

तत्त्व मात्र आपल्याकडेही वापरात आहे. कामशेत परिसरात पावसाळा सोडून पॅराग्लायडर टेकडीच्या उतारावर येणाऱ्या वाऱ्यावरच तरंगतात. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंचच्या दोराने ओढून ग्लायडर हवेत सोडतात.

पुढच्या वेळी एखाद्या गडाच्या पश्चिमेच्या तटावर उभे असाल आणि समोरून येणारी घार पंख न हलवता, घिरटी न घालता, कड्याला समांतर सरळ निघून गेली, तर तिच्याकडे थोडा वेळ पाहा. कडा जिथे संपतो तिथे ती काय करते? बहुतेक वेळा ती पुढे जात नाही. वळते आणि त्याच कड्यावरून परत येते. १,६०० किलोमीटर उडणाऱ्या पायलटलाही सर्वांत आधी हेच शिकावे लागते.