स्नायूंची असममिती

शरीराच्या डाव्या व उजव्या बाजूंवरील समान स्नायूंच्या आकारमानात आढळणाऱ्या फरकास स्नायूंची असममिती म्हणतात. मानवी शरीर बाह्यतः सममित दिसत असले, तरी त्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात. बहुसंख्य माणसे उजवा हात प्राधान्याने वापरीत असल्यामुळे त्यांचा उजवा अग्रबाहू डाव्यापेक्षा किंचित जाड असतो व त्या हाताची पकड सर्वसाधारणपणे सु. १० टक्क्यांनी अधिक बळकट असते. डावखोऱ्या व्यक्तींमध्ये हा फरक कमी आढळतो. निरोगी अवयवांच्या घेरात एखाद्या सेंटिमीटरचा फरक असणे स्वाभाविक आहे.

क्रियाविज्ञान : स्नायूवर वारंवार पुरेसा भार पडला की, त्याच्या तंतूंतील आकुंचनशील प्रथिनांचे प्रमाण वाढून तंतू जाड होतात, यास अतिपुष्टी म्हणतात. वापर थांबल्यास तंतू बारीक होतात. यास अपपुष्टी म्हणतात. मोडलेला हात काही आठवडे प्लास्टरमध्ये ठेवल्यानंतर तो रोड दिसतो, हे याचे परिचित उदाहरण होय. हाडांवरही भाराचा परिणाम होतो. व्यावसायिक टेनिसपटूंच्या १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खेळणाऱ्या हाताच्या भुजास्थीचा घन थर पुरुषांत सु. ३५ टक्के व स्त्रियांत सु. २८ टक्के अधिक जाड आढळला.

व्यवसाय व असममिती : कामाचा भार दोन्ही बाजूंवर कसा विभागला जातो, हे सोलापूरच्या उद्योगांवरून चांगले समजते. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा व्यवसाय वाढविला. धावत्या धोट्याच्या मागावर विणकर एका हाताने दोरीस झटका देऊन धोटा फेकतो, दुसऱ्या हाताने फणीची चौकट ओढून आडवा धागा ठोकतो आणि पायांनी पावड्या दाबतो. दोन्ही हात श्रमतात. परंतु एका बाजूस जलद झटका, तर दुसऱ्या बाजूस खांद्याची व पाठीची ओढ असा भेद राहतो. यंत्रमाग आल्यावर धोटा फेकण्याचे काम यंत्राकडे गेले व कामगाराच्या वाट्यास दीर्घकाळ उभे राहणे, मागांमधून फेऱ्या मारणे आणि तुटलेले धागे जोडणे ही कामे आली. सोलापुरी चादरीचे नाव कायम राहिले. ती विणणाऱ्या शरीरावरील भार मात्र बदलला.

याच शहरात विड्या वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. तेंदूचे पान एका हातात धरून दुसऱ्या हाताने कात्रीने कापणे, नंतर वळणे व दोऱ्याने बांधणे या क्रिया दिवसभर चालतात. अशा हलक्या पण अखंड पुनरावृत्त होणाऱ्या कामाने स्नायूचा आकार फारसा वाढत नाही. थकवा मात्र साठत जातो. मनगटातील मध्य तंत्रिका दीर्घकाळ दाबली गेल्यास बोटांना मुंग्या येतात आणि पुढे अंगठ्याच्या तळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट होतो. श्रमाने हात भरतो. तेव्हा सर्वाधिक राबणारा हातच जर रोड होऊ लागला, तर त्याचे कारण सवयीत नव्हे, रोगात शोधावे लागते.

रोगजन्य असममिती : प्रेरक तंत्रिकेचा पुरवठा खंडित झाल्यास स्नायू लवकर क्षीण होतो. बालपक्षाघातात (पोलिओत) मेरुरज्जूतील प्रेरक कोशिका नष्ट होतात. भारतातील या रोगाचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तथापि पूर्वी हा रोग झालेल्या अनेक व्यक्तींचा एखादा पाय आजही बारीक व आखूड आहे. कुष्ठरोगात कोपराजवळील तंत्रिकेस इजा होऊन अंगठा व तर्जनी यांमधील भाग खोल जातो आणि बोटे वाकतात. वेळीच उपचार केल्यास ही विकृती टाळता येते. तरुण पुरुषांत एकाच हाताचे स्नायू हळूहळू झिजण्याचा विकार जपानमध्ये हिरायामा यांनी १९५९ मध्ये वर्णिला. एकाच अवयवाच्या अशा अपपुष्टीचे भारतीय रुग्णांतील वर्णन गौरीदेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. काही वर्षांनंतर हा विकार बहुधा स्थिरावतो.

काही असममिती जन्मजात असतात. ॲल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये वर्णिलेल्या विकृतीत छातीच्या एका बाजूचा मोठा स्नायू अंशतः वा पूर्णतः नसतो. बालकाच्या शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे मोठी असल्यास मूत्रपिंडाच्या एका अर्बुदाचा धोका वाढलेला असतो. म्हणून त्याची नियमित तपासणी करतात. पाठीचा कणा बाजूस वळला असल्यास किंवा पायास सूज असल्यास असममितीचा केवळ भास होतो. एकाच पोटरीस अचानक आलेली वेदनायुक्त सूज शिरेतील गुठळीमुळे असू शकते व तीवर तातडीने उपचार करावे लागतात.

निदान व उपाय : दोन्ही अवयव सैल ठेवून, हाडाच्या ठरावीक उंचवट्यापासून सारख्या अंतरावर फीतीने घेर मोजतात. एकदाच घेतलेल्या मापापेक्षा काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली मापे अधिक उपयुक्त ठरतात. फरक नव्याने उद्भवला असेल, वाढत असेल किंवा त्यासोबत अशक्तपणा, बधिरपणा अथवा स्नायूंचे फडफडणे असेल, तर तंत्रिका व स्नायू यांची विद्युत् तपासणी आवश्यक ठरते.

सवयीमुळे आलेल्या फरकास उपचारांची गरज नसते. तो कमी करावयाचा असल्यास प्रत्येक बाजूस स्वतंत्र व्यायाम द्यावा, प्रारंभ दुबळ्या बाजूने करावा आणि तिला झेपतील तेवढीच आवर्तने बळकट बाजूस द्यावीत. एका बाजूच्या व्यायामाने व्यायाम न केलेल्या दुसऱ्या बाजूचे बळही काहीसे वाढते, असे १८९४ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत आढळून आले. स्नायूंचे बळ केवळ त्यांच्या आकारावर नव्हे, तर तंत्रिका तंत्राच्या शिक्षणावरही अवलंबून असते, हे त्यावरून दिसते. एक हात जायबंदी असताना दुसऱ्या हातास व्यायाम देण्याच्या उपचारपद्धतीस याच तत्त्वाचा आधार आहे.