अपसेट आणि सेटअप

हायवेवर मागची गाडी आपल्याला ओव्हरटेक करून जाते आणि पेपरात मोठी कंपनी छोटीला टेकओव्हर करते. दोन्ही शब्द आपण बिनदिक्कत वापरतो, पण ते त्याच दोन तुकड्यांचे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. टेक आणि ओव्हर. तुकड्यांनी फक्त जागा बदलल्या, आणि अर्थ पार निराळा झाला. अपसेट आणि सेटअपचं तेच. आउटलुक आणि लुकआउट नोटीस यांचंही तेच. गंमत म्हणजे अपसेटचा इंग्रजीतला जुना अर्थ ‘उभं करणं’ असाच होता. उलथवण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि उभं करायचं काम सेट अपकडे राहिलं.

शाळेत टेक ओव्हर, सेट अप अशा जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात आणि त्यांची यादी पाठ करायला लावतात. पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप विथ म्हणजे सोसणं. यादी संपत नाही आणि पोरं कंटाळतात. त्यांना दोष देता येत नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त अडतं ते इथेच. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात रूढ केलं, आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगून टाकलं.

यादी बाजूला ठेवून एकच जोडी नीट न्याहाळू. ‘ही रॅन अप अ हिल’, तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप अ बिल’, त्याने उधारी वाढवून ठेवली. दोन वाक्यांत फरक एका अक्षराचा, आणि कानाला ती जुळी भावंडं वाटतात. आता ‘अप’ला जरा हलवून बघा. ‘ही रॅन अ बिल अप’ चालतं. ‘ही रॅन अ हिल अप’ म्हटलं की इंग्रज कपाळाला आठ्या घालेल. पहिल्या वाक्यातला अप टेकडीला बांधलेला आहे, तिच्याशिवाय तो कुठे जाणार? दुसऱ्यातला अप धावण्याशी बांधलेला आहे, म्हणून तो बिलावरून उडी मारून पलीकडे जाऊन बसू शकतो. शब्द तोच असला तरी पहिला प्रिपोझिशन आहे आणि दुसऱ्याला व्याकरणवाले पार्टिकल म्हणतात. बहुतेक वेळा बोलतानाही फरक ऐकू येतो: पार्टिकलवर जोर पडतो, प्रिपोझिशन घाईत गिळलं जातं.

या उडीलाही शिस्त आहे. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही बरोबर. पण बॅगेच्या जागी ‘इट’ आलं की ‘पिक इट अप’ एवढंच उरतं, ‘पिक अप इट’ कोणी म्हणत नाही. लंडनमधल्या चार वर्षांच्या पोराला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, तरी ते चुकत नाही. इंग्रजी वाक्याची शेवटची जागा नव्या आणि वजनदार गोष्टीसाठी राखलेली असते. ‘इट’ हे बिचारं आधीच माहीत असलेल्या गोष्टीचं सर्वनाम, त्याला ती मानाची जागा कशी मिळणार? उलट बॅगेमागे ‘काल स्टेशनवर विसरलेली, निळ्या पट्ट्याची’ असं लांब शेपूट असेल, तर तिला शेवटी बसवतात आणि अप मुकाट्याने क्रियापदाला खेटून राहतो.

आता अर्थाकडे. इंग्रजीत झाड आधी ‘चॉप डाउन’ करतात आणि मग तेच झाड ‘चॉप अप’ करतात. आधी खाली, मग वर! पण डाउन खरोखरच दिशा सांगतो, झाड जमिनीवर येतं. अपने मात्र दिशा केव्हाच सोडली. तो आता ‘पुरतं, शेवटपर्यंत’ असं सांगतो. ईट अप, यूज अप, ड्राय अप, सगळीकडे हाच अप. पातळी वर चढत काठाला टेकली की भांडं भरतं, म्हणून वर म्हणजे पूर्ण, असा प्रवास झाला असावा. ऑफची कहाणी याहून चमत्कारिक. दिवा ‘गो ऑफ’ झाला म्हणजे बंद पडला, आणि गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजायला लागला. ऑफ म्हणजे सुटून जाणं. दिवा चालू स्थितीतून सुटला, गजर दाबून धरलेल्या स्थितीतून. बंदूकही तशीच सुटते.

हे आपल्याला परकं का वाटावं? मराठीत आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो, तेव्हा कोणी काहीच टाकत नाही. उलट टाकू नये म्हणूनच तसं सांगतो. ‘शोधून काढ’मध्ये कशातून काय काढायचं असतं? इंग्रज तिथे ‘फाइंड आउट’ म्हणतो. ‘लिहून काढ’ला ‘राइट आउट’. एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली नाही. आत दडलेलं बाहेर आलं की ते कळलं, ही कल्पना दोघांना वेगवेगळी सुचली. इंग्रजीने त्यासाठी बाहेरची दिशा घेतली, आपण बाहेर आणणारी क्रिया घेतली.

संस्कृतशी नातं तर याहून जवळचं. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात हे आपण शाळेत शिकलो. संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून घट्ट चिकटलेला असतो. पण नेहमी तसं नव्हतं. पाणिनीने एका सूत्रात उपसर्ग धातूच्या आधी येतात असं सांगितलं आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत पुस्ती जोडली: वेदांत ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्ये दुसरे शब्दही शिरतात. म्हणजे ‘पिक द बॅग अप’चाच थाट! यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात तर या सुट्या तुकड्यांवरून दोन आचार्यांचा वाद नोंदलेला आहे. शाकटायन म्हणतो, धातूपासून तोडले तर त्यांना स्वतःचा अर्थ नाही. गार्ग्य म्हणतो, आहे, आणि नाना प्रकारचा आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ अप आणि आउट यांच्यावरून जवळपास हेच भांडण भांडतात. माझं मत गार्ग्याच्या बाजूने.

इंग्रजी मात्र संस्कृतच्या उलट्या वाटेने गेली. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाला पुढून चिकटणारे उपसर्ग भरपूर होते. ते हळूहळू झिजले आणि सुटे तुकडे मागून येऊन त्यांचं काम करू लागले. अंडरस्टँड, फर्गेट, विथस्टँड हे त्या जुन्या वस्तीतले उरलेले वाडे. बाराव्या शतकातल्या पीटरबरो क्रॉनिकलमध्ये ‘गिव्ह अप’ आजच्यासारखाच सुटा दिसतो. जर्मनने अजून दोन्ही डगरींवर पाय ठेवलाय: तिकडचं क्रियापद मूळ रूपात उपसर्ग पुढे धरतं आणि साध्या वाक्यात आलं की तोच उपसर्ग थेट वाक्याच्या टोकाला फेकतं.

पसारा अफाट, पण त्याचा गाभा लहान आहे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी ब्रिटिश इंग्रजीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह चाळून २००७ मध्ये दाखवलं, की फ्रेझल व्हर्ब जितक्या वेळा वापरले जातात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त वेळा फक्त २० क्रियापदं आणि ८ पार्टिकल यांच्या जोड्याच येतात. गो, कम, टेक, गेट अशी रोजची क्रियापदं. हा हिशेब शाळेत पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

एवढं करूनही फसगत व्हायची ती होतेच. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते. लष्करी ब्रिटिश वळणाचा तो शब्द आपण कॉलेजलाही लावला, आणि ‘मी गेल्या वर्षी पास आउट झालो’ हे अमेरिकेत सांगणाऱ्याला ‘आता तब्येत कशी आहे’ असं विचारलं जाऊ शकतं. तिकडे पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं.

कॉम्प्युटर आला तेव्हा इंग्रजीने जुनेच तुकडे जोडून काम भागवलं: लॉग इन, साइन अप, बॅक अप. मराठीत हे आले ते गोठून, नाम होऊन. गाडी पिकअप घेते, मेकअप उतरतो, ब्रेकअप होतो. त्यांतला अप आता जागचा हलत नाही, उडी मारणं तर सोडाच. म्हणून मग ऑफिसातला कोणी सहज म्हणतो, ‘फोन बदलायच्या आधी बॅकअप घेऊन ठेव.’ आत इंग्रजीचा अप निपचित बसलेला, आणि बाहेरून ‘घेऊन’ला आपला ‘ठेव’ जोडलेला. ठेवायचं काही नसतं, तरी ‘ठेव’शिवाय ते वाक्य मराठी माणसाच्या तोंडी बसत नाही.