नवी गाडी, तोच बिघाड

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गाडी जमा करताना जॉब कार्डवर आपली सही घेतात. त्यात ग्राहकाच्या तक्रारीसाठी एक रकाना असतो. तुम्ही सांगता, ‘तिसऱ्या गिअरला चढावर गाडी झटके देते, हायवेवर दोनदा इंजिन बंद पडलं.’ समोरचा अ‍ॅडव्हायजर मान डोलावतो आणि लिहितो, ‘जनरल चेकअप’. संध्याकाळी फोन येतो, ‘सर, सॉफ्टवेअर अपडेट करून दिलंय, आता चालवून बघा.’ पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असे पाच हेलपाटे झाले की माणूस संतापून ग्राहक आयोगात जातो. तेव्हा त्याच्या हातात पाच जॉब कार्डं असतात, पण खरी तक्रार एकावरही लिहिलेली नसते. चांगल्या प्रकरणाची हवा इथेच निघून जाते.

म्हणून सही करण्याआधी तो रकाना वाचा. बिघाड कधी, कोणत्या वेगात, किती किलोमीटरला झाला, हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या. अ‍ॅडव्हायजर लिहीत नसेल तर स्वतः लिहा, नाहीतर तिथेच उभं राहून डीलर आणि कंपनी दोघांना ई-मेल करा. बिघाड चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाला व्हिडिओ काढायला सांगा, ओडोमीटरचा आकडा त्यात दिसू द्या. गाडी कधी दिली आणि कधी परत मिळाली, या तारखा जपून ठेवा. ठरलेल्या सर्व्हिसिंगची एकही वेळ चुकवू नका. नाहीतर ‘देखभाल नीट केली नाही’ हे उत्तर कंपनीला आयतंच मिळतं.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यानं 1982 मध्ये असा कायदा केला की ठरावीक प्रयत्नांत नव्या गाडीचा दोष गेला नाही, तर कंपनीनं गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. पुढे तिथल्या इतर राज्यांनीही तसे कायदे केले. आपल्याकडे ‘इतक्या दुरुस्त्या झाल्या की गाडी परत’ असं सांगणारा कायदा नाही, आणि तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे. तोवर आधार आहे तो ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चा. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, गाडी बदलून द्यायला, पैसे व्याजासह परत करायला किंवा भरपाई द्यायलाही सांगू शकतो. सदोष उत्पादनामुळे इजा किंवा नुकसान झालं, तर उत्पादकाच्या दायित्वासाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रारीत डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही पक्षकार करावं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि कायद्यात दोघांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरनं जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकली होती. त्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरच्या त्या व्यवहारात कंपनीचा हात असल्याचं दिसलं नव्हतं.

आता कळीचा मुद्दा. गाडी वारंवार बिघडते म्हणून नवी गाडी मिळेलच, असं नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सदोष भाग बदलून काम होत असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. कंपन्यांचे वकील आजही हा निकाल पुढे करतात. त्याला उत्तर एकच, दोष एखाद्या भागाचा नसून गाडीच्या मूळ घडणीतला आहे, हे दाखवणं. इथे तज्ज्ञाचा अहवाल लागतो. फियाटच्या एका गाडीच्या इंजिनाच्या आवाजावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासून घेण्याचा आणि दोष आढळला तर किंमत परत करण्याचा मार्ग सांगितला होता.

तपासणीशिवाय कळणार नाही असा दोष असेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणी सोपवू शकतो. तिची फी तक्रारदाराला आधी भरावी लागते. पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेकडून किंवा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जाणकार प्राध्यापकाकडून तपासणी व्हावी, असा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा. उशिरा दिला, तर तोवर गाडी आणखी चाळीस हजार किलोमीटर धावलेली असते, आणि ‘एवढी पळाली, मग दोष कसला?’ हा युक्तिवाद समोर येतो.

प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागतोच असंही नाही. 2015 मध्ये घेतलेल्या एका ह्युंदाई क्रेटाला 2017 मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. ग्राहक हा काही धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो, असा त्या निकालाचा रोख होता. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सुरक्षेचं साधन म्हणून जे विकलं, ते वेळेला चाललं नाही, एवढं सांगणं ग्राहकाच्या हातात असतं. त्यापलीकडचं स्पष्टीकरण कंपनीनं द्यावं.

गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. 5 लाखांपर्यंत फी नाही, 12 लाखांच्या गाडीला ती 400 रुपये आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी सांगलीच्या माणसाला तिकडे जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेली रिक्षा किंवा छोटा टेम्पोही ‘व्यावसायिक वापर’ म्हणून कायद्याबाहेर पडत नाही. आयोगात जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी, बऱ्याचदा कंपनी तिथे हलते. मात्र हेल्पलाइनवर किंवा सर्व्हिस सेंटरच्या आश्वासनांवर महिने घालवताना लक्षात ठेवा, तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगात यायला दोन वर्षांची मुदत आहे. वॉरंटी तीन वर्षांची असली तरी ही मुदत तिच्यासाठी थांबत नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने दिले आहेत. प्रत्यक्षात वर्षं जातात, ही तयारी मनात ठेवूनच दाखल करावं.

दोष फक्त तुमच्याच गाडीत नाही असं वाटलं, तर दुसरा रस्ता आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत मागवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीतल्या सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार मालकाला सरकारी पोर्टलवर नोंदवता येते. अशा तक्रारींची संख्या ठरलेल्या प्रमाणापलीकडे गेली, की कारवाई सुरू होऊ शकते. तुम्हाला लगेच पैसे मिळवून देणारा हा रस्ता नव्हे, पण ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दोष असेल तर इतरांच्या जिवासाठी तरी ही नोंद कराच.

या सगळ्या काळात कर्जाचे हप्ते थांबवू नका. गाडी बिघडली म्हणून बँकेचा करार थांबत नाही, आणि हप्ते थकले तर बँक गाडी उचलू शकते. आणि एक गोष्ट मी कळकळीनं सांगेन. खटला चालू असताना कंटाळून, आयोगाची परवानगी न घेता गाडी विकू नका. गाडी विकल्यावर तक्रारदार ग्राहक उरत नाही, असं म्हणून आयोगांनी दावे फेटाळलेले आहेत. पुरावा म्हणून उभी असलेली गाडी गेली, की वर्षानुवर्षं जपलेली जॉब कार्डंही कामाला येत नाहीत.