‘टाइमपास’चे प्रेक्षक आणि त्यांचे फैसले

३ जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘टाइमपास’ या मराठी चित्रपटाकडे ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातील रसिकांनी आपल्या घरचे कार्य म्हणून पाहिले असेल, तर त्यात नवल नाही; कारण त्याचे दिग्दर्शक रवी जाधव हे डोंबिवलीकर, आणि त्यात नायकाच्या बापाचे काम करणारे भाऊ कदम हेही डोंबिवलीचेच रहिवासी. परंतु घरच्या कार्याविषयीही घरात एकमत असतेच असे नाही. या चित्रपटाने त्या काळापर्यंतच्या सर्वाधिक उत्पन्नाच्या मराठी चित्रपटांत स्थान मिळविले, आणि तरीही त्याच्याविषयी आजतागायत परस्परविरुद्ध मते ऐकू येतात.

कथानक साधे आहे. १९९०च्या दशकातील दहावी नापास दगडू परब आणि करड्या शिस्तीच्या माधव लेल्यांची कन्या प्राजक्ता यांच्यामध्ये, वेळ घालविण्याचा खेळ म्हणून आरंभ झालेले प्रकरण खऱ्या अनुरागात परिणत होते. वडिलांना सुगावा लागतो आणि ताटातूट होते. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांच्या कोवळ्या अभिनयाने व चिनार-महेश यांच्या संगीताने ही विप्रलंभाची कथा तरुणांच्या काळजाला भिडली. त्यांना दगडूच्या रांगड्या बोलीत आपल्या गल्लीची भाषा ऐकू आली. चाळिशी ओलांडलेल्यांना केबल टीव्हीच्या आरंभकाळातील, मोबाइलपूर्व दिवसांचा पुनःप्रत्यय आला, आणि त्यांचे डोळे कथेपेक्षा स्मृतीनेच अधिक पाणावले. पालकांपैकी अनेकांची तक्रार मात्र निराळी होती: शाळकरी वयातील आकर्षणाला प्रेमाची प्रतिष्ठा द्यावी काय, नापास होण्याचे कौतुक व्हावे काय, आणि मुलीच्या हिताची काळजी वाहणाऱ्या बापाला खलनायक ‘शाकाल’ ठरवून त्याच्यावर हशा पिकवावा काय?

या मतभेदाला केवळ अभिरुचीचा भेद म्हणून निकालात काढणे योग्य नव्हे. आपल्या साहित्यशास्त्राने रसास्वादाचा विचार करताना ‘सहृदय’ प्रेक्षकाची अपेक्षा केली, आणि पात्राचे सुखदुःख व्यक्तिगत न राहता सर्वांचे होते त्या प्रक्रियेस साधारणीकरण म्हटले. भावुक प्रेमपटाची खरी परीक्षा येथेच होते. दगडूच्या विरहाशी जो तादात्म्य पावतो त्याला अश्रू सहज वाटतात. जो प्रेक्षक त्या प्रसंगी मनाने लेल्यांच्या दिवाणखान्यात उभा असतो त्याला तेच अश्रू अतिरंजित भासतात. दोघेही प्रामाणिक असतात. त्यांची उभे राहण्याची जागा मात्र वेगळी असते.

ही जागा वयाने जशी ठरते तशी सामाजिक स्तरानेही ठरते, हे ‘शाळा’ या चित्रपटाशी तुलना केली असता स्पष्ट होते. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेल्या, राष्ट्रीय पुरस्काराने गौरविलेल्या त्या चित्रपटाचा विषयही किशोरवयीन प्रेम हाच. एवढेच नव्हे, तर त्यातील नायिका शिरोडकर हिची भूमिकाही केतकी माटेगावकर यांनीच केली होती. आणीबाणीच्या काळातील त्या हळुवार कथेला ज्यांनी मनापासून दाद दिली, त्यांच्यापैकी काहींना ‘टाइमपास’ उथळ वाटला. ‘शाळा’ संयत आहे आणि ‘टाइमपास’ भडक आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु आक्षेप केवळ भडकपणावर नसून, नापास, उनाड, परब आडनावाच्या मुलाने लेल्यांच्या मुलीवर प्रेम करावे या गोष्टीवरही त्याचा काही अंश आहे की काय, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. सुसंस्कृत घरातील मुलाच्या मूक व्याकुळतेला आपण काव्य म्हणतो. तीच व्याकुळता चाळीच्या भाषेत बोलू लागली की तिला थिल्लरपणाचा शिक्का मारण्यास आपण फारसा वेळ घेत नाही. अशा फैसल्यात न्यायापेक्षा पूर्वग्रह अधिक असतो.

म्हणून चित्रपटातील दोषांकडे डोळेझाक करावी, असे नव्हे. वैभव मांगले यांनी सामर्थ्याने रंगविलेल्या लेल्यांच्या कठोरपणामागे एका मध्यमवर्गीय बापाची भीती आहे. तिला हास्यापलीकडे पुरेसा अवसर मिळाला असता, तर पालकांची निम्मी तक्रार आपोआप गळून पडली असती. त्याहून गंभीर उणीव प्राजक्तेच्या बाबतीत आहे. दगडूचे मनोगत आपल्याला इत्थंभूत कळते; प्राजक्तेला काय हवे आहे, तिला कशाची धास्ती वाटते, हे मात्र बहुतांशी तिच्या चेहऱ्यावरूनच ताडावे लागते. प्रेमकथेतील अर्धा पक्ष असा अबोल राहिला, तर अश्रू कितीही खरे असले तरी कथा अपुरीच राहते. भावुकता हा काही अपराध नव्हे. परंतु ती दोघांच्याही वाट्याला सारखी आली पाहिजे, आणि भावुक चित्रपटाविषयी मत देताना तरुणांनी व पालकांनी, दोघांनीही, आधी हाच हिशेब मागावयास हवा.